चांगुणाआक्काचं खोंड

गाडी बिघडली की माणूस तोंडाने आवाज काढून दाखवतो. एरवी बँकेत काचेमागे गंभीर चेहऱ्याने बसणारे साहेब माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहून 'घुर्रर्र… घुर्रर्र… टक्' करतात आणि आवाज पटला की नाही म्हणून माझ्याकडे बघत राहतात. शाळेतल्या बाई करतात, हवालदार करतात. एका भटजींनी तर सायलेन्सरचा फटका इतका हुबेहूब काढला की शेजारचा दुकानदार घाबरून बाहेर आला. अशा वेळी हसायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. हसू आलंच तर खाली वाकून पाना शोधायचा. पाना हातात असला तरी शोधायचा.

सगळ्या हयातीत एकच गिऱ्हाईक असं भेटलं, ज्याने आवाज काढला नाही. चांगुणाआक्का. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पदर, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज. तिच्या मुलाने, बाळासाहेबाने, पिकअपमधून गाडी उतरवली आणि मी नेहमीसारखं विचारलं, "काय होतंय, आक्का?"

"इकडं या, मिस्तरी. तिकडं तोंड करा."

मी तोंड फिरवलं. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला. मग काहीच झालं नाही. आता विचारावं काय चाललंय, असं म्हणतोय तेवढ्यात त्या बाईने असा धक्का दिला की मी समोरच्या कॉम्प्रेसरवर जाऊन आदळलो.

"असं करतंय," आक्का म्हणाली.

आता ही गाडी कुठली, ते सांगतो. माझं गॅरेज म्हसरूळला, दिंडोरी रोडला लागून. आयुष्य स्कूटरी उघडण्यात गेलं. मग त्र्यंबकच्या रस्त्यावर एका रिसॉर्टवाल्याने पर्यटकांना माळावर चक्कर मारायला एटीव्ही आणल्या. चार जाड टायर, मोटरसायकलचं हँडल आणि बसायला खोगिरासारखी सीट. दिसायला राक्षस! नाशकातला कोणी मेकॅनिक हात लावायला तयार होईना. मी झाकण उघडून बघितलं तर आत स्कूटरच. तोच बेल्ट, त्याच पुली, तोच क्लच, फक्त अंगाने थोराड. मी ते कोणाला सांगितलं नाही. गंभीर चेहरा करून म्हणालो, "अवघड काम आहे, पण बघतो." त्या दिवसापासून आसपासच्या सगळ्या एटीव्ही माझ्याकडे येतात आणि लोक मला त्यातला मोठा जाणकार समजतात. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

पुढे रिसॉर्टवाला कंटाळला. त्याचे पाहुणे फोटो काढता काढता चरात जायचे. त्याने गाड्या विकल्या आणि त्यातली एक बाळासाहेबाने आईसाठी घेतली. आक्काचे गुडघे गेलेले. घर इकडे आणि द्राक्षाचा जुना प्लॉट नाल्यापलीकडे. मोटरसायकलवर तिला एका बाजूला बसवत नाही, चालवत तर नाहीच. गाडी आली आणि आक्का सुटली! ऑक्टोबरची छाटणी असो की फवारणी, ही आपली गाडीवरून ओळींमधून फिरतेय आणि मजुरांना नावं ठेवतेय. गाडीचं नाव तिने 'खोंड' ठेवलं होतं.

त्या खोंडाला निघताना झटका द्यायची खोड लागली होती. एके सकाळी त्याने आक्काला थेट मांडवाच्या लोखंडी खांबावर नेलं. चष्मा फुटला, कपाळाला टेंगूळ आलं. बाळासाहेबाने चावी काढून घेतली.

"मिस्तरी, झटका गेला तर ठीक," तो मला म्हणाला, "नायतर विकून टाकतो. आईचं आता वय झालं. घरात बसावं, टीव्ही बघावा. छाटणीला मी हाय ना."

आक्का टायरला चिकटलेला चिखल बोटाने काढत उभी राहिली. एवढी बोलकी बाई गप्प झाली, ते मला बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तिडीक गेली. माझी मुलगी पुण्याहून दर आठवड्याला फोन करते. "बाबा, बंद करा आता गॅरेज, घरात बसा." घरात बसून काय करू? पंख्याचे बेअरिंग बदलू? मी बाळासाहेबाला म्हणालो, "झटका जाईल. मी आहे."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी क्लच कधी पाहिला नाही, त्यांनी घाबरू नये. इंजिन सारखं फिरत असतं, चाकांना मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं. दोघांची गाठ घालून देणं आणि सोडवणं, एवढंच क्लचचं काम. या गाडीत त्यासाठी हाताशी काही नाही, पायाशीही नाही. आत एक लोखंडी वाटी असते आणि वाटीच्या पोटात फिरणारे तीन शू, म्हणजे ब्रेकसारखं अस्तर लावलेले लोखंडी तुकडे, स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले. मुली फुगडी घालताना जोरात फिरल्या की अंग बाहेर फेकलं जातं ना? तसंच रेस दिली की हे शू बाहेर जातात आणि वाटीला आतून पकडतात. वाटी फिरली की चाक फिरतं. रेस सोडली की स्प्रिंगा शूंना परत आत ओढतात आणि गाडी सुटी होते.

सगळी कला त्या पकडण्यात आहे. हळूच पकडलं तर बसलेल्या माणसाला कळतही नाही. एकदम पकडलं तर मान मागे जाते. शू घासून काचेसारखे गुळगुळीत झाले की आधी नुसते घसरतात आणि मग एकदम चावतात. नाहीतर स्प्रिंग फार कडक असते. काहींना तेच आवडतं म्हणा. नाशिक रोडचा एक हौशी तरुण 'काका, पिकअप पाहिजे' म्हणत स्कूटरसाठी ऑनलाइन मागवलेल्या कडक स्प्रिंगा घेऊन आला होता. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही, म्हणून बसवून दिल्या. मित्राला मागे घेऊन त्याने रेस दिली. गाडी गेली, मित्र माझ्या दारातच बसलेला राहिला. संध्याकाळी दोघं परत आले. "काका, त्या जुन्या स्प्रिंगा टाकल्या नाहीत ना?" टाकतो कशाला! पुड्यात बांधून वर ठेवल्या होत्या.

तर आक्काचं खोंड. मी झाकण काढलं आणि पहिल्यांदा दिसली ती हळद. पुढच्या दोन्ही चाकांच्या वर, जिथे बैलाचे खांदे येतील तिथे, तूप-हळदीचे जाड पट्टे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, तसे आक्काने गाडीचे मळले होते. मी पाना शोधायला खाली वाकलो. आत शू बघितले तर आरशासारखे चमकत होते. पॉलिश पेपरने घासून खरखरीत केले, वाटी आतून साफ केली, बेल्टची धूळ झटकली. दिंडोरी रोडवर चक्कर मारली. गाडी अशी सुटली की दह्यात चमचा जावा. मिशीला पीळ देऊन गाडी परत पाठवली.

आठवडाही झाला नाही तोच बाळासाहेबाचा फोन. "मिस्तरी, परत तेच."

गाडी परत आली. उघडली तर शू पुन्हा गुळगुळीत, आणि आतून जळका वास. मला काही उलगडेना. या वेळी हात राखला नाही. नवे शू टाकले, स्प्रिंगा नेहमीपेक्षा मऊ घातल्या म्हणजे थोड्या रेसवरच पकड हळूच बसावी, उभ्या गाडीत इंजिन फिरतं तो स्पीड उतरवला. अंगठ्याने दाबायच्या रेसला एक स्क्रू असतो. तो आत घेतला की कितीही दाबा, रेस जास्त जात नाही. तोही घेतला. रस्त्यावर मी चालवली, गुळासारखी. शेजारच्या दुकानदाराला बसवून चालवायला लावली, त्यालाही झटका नाही. आता खोंड काय, गोगलगाय झालंय, असं म्हणून मी ती पिकअपमध्ये चढवली.

चौथ्या दिवशी फोन. बाळासाहेबाचा आवाज थंड होता. "मिस्तरी, राहू द्या आता. तुमच्याबी हाताबाहेरचं हाय. एक गिऱ्हाईक लागलंय, रविवारी दुपारी येऊन घेऊन जाईल."

हाताबाहेरचं? माझ्या? फोनवर मागून आक्काचा आवाज आला, "त्यांना म्हण, इथं येऊन बघा! तुमच्या रोडवर चांगलंच चालंल. त्याला तिथं काय धाक हाय का कुणाचा!"

मी स्कूटरला किक मारली आणि तडक तिच्या मळ्यात गेलो. जाताना मनात म्हणत होतो, म्हातारीचं काहीतरी ऐकायचं राहिलंय. आक्का अंगणात तयारच होती. बाळासाहेबाने नाराजीने चावी दिली. आक्का गाडीवर चढली, पदर खोचला, आणि मी तिच्या हातांकडे बघायला लागलो.

डाव्या हाताने तिने ब्रेकची दांडी आवळली. चांगली पांढरी बोटं होईपर्यंत. मग उजव्या अंगठ्याने रेस दाबली. इंजिन ओरडायला लागलं, गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. आत शू वाटीला घासतायत, चाकं ब्रेकने बांधलेली, काहीतरी जळल्याचा वास सुटला. आक्का जिभेने 'च्च च्च' करतेय. आणि मग एकदम, 'हो!' म्हणून तिने ब्रेक सोडला.

गाडी उडाली. कोंबड्या तीन दिशांना पळाल्या. आक्का गोठ्याच्या भिंतीच्या हातभर अलीकडे थांबली आणि मागे वळून विजयाने म्हणाली, "बघितलं?"

बघितलं. आणि मला माझ्या पाठीवरचा तो तळहात आठवला. आधी थांबली होती, मग धक्का दिला होता. बाईने पहिल्याच दिवशी सगळं दुखणं सांगितलं होतं. मी फक्त धक्क्याकडे लक्ष दिलं.

"आक्का, निघताना ब्रेक कशाला धरता?"

"ब्रेक कुठं धरला? कासरा धरला."

"कासरा?"

"मंग? तरणं खोंड जुपलंय आन् कासरा सैल सोडून बसू का? उधळंल ना ते! आधी ताणून धरायचं, च्च च्च करायचं, त्याच्या अंगात जोर आला की मग सैल सोडायचं. बैल काय असाच निघतो व्हय?"

मी पाना शोधायला खाली वाकलो. पाना आणलाच नव्हता. जमिनीवर काहीच नसताना मी बराच वेळ काहीतरी शोधत राहिलो.

तिथे माझी जीभ घसरली. मी म्हणालो, "आक्का, गाडीत काही नाही. तुम्हाला चालवता येत नाही."

झालं. आक्का गाडीवरून उतरली. "मला? तुम्ही चड्डीत होता ना मिस्तरी, तवा मी दिंडोरीच्या बाजारी एकटी बैलगाडी नेत होते. नाल्याला पाणी असताना पार केलीय. माझा बैल कधी उधळला नाय आन् माझ्या कासऱ्याला कुणी नाव ठेवलं नाय. तुम्ही मला शिकवता?" आणि ती गुडघे धरत, लंगडत घरात निघून गेली. तिची ती पाठ बघून मला फार वाईट वाटलं. गाडी गेली तर गेली, पण आपण तिचा हात वाईट ठरवला, हे बरं नाही केलं.

बाळासाहेब म्हणाला, "जाऊ द्या मिस्तरी. चहा घेऊन जा."

मी ओट्यावर बसलो. समोर पत्र्याच्या डब्यात घरचे बेदाणे होते. चहाबरोबर दोन तोंडात टाकले, आणि आक्काच्या बाजूने विचार करायला लागलो. तिचं चुकलं कुठे? बैलाला आपल्या अंगचा जोर असतो, म्हणून त्याला आवरून धरावं लागतं. गाडीला आपला जोर नाहीच. अंगठा जेवढा देईल तेवढाच. म्हणजे कासरा आहे, फक्त भलत्या हातात आहे.

मी दारातून आत बघत म्हणालो, "आक्का, चुकलं माझं. तुमचा कासरा बरोबर आहे. पण या खोंडाचा कासरा उजव्या अंगठ्याला बांधलाय. कंपनीनेच तसा बांधलाय. अंगठा उचलला की ते आपोआप उभं राहतं. डावा तुम्ही धरता तो कासरा नाही. ती वेसण आहे. निघताना कोणी वेसण ओढतं का?"

आतून आवाज आला, "कंपनी कुठली हाय? त्यांच्यात कुणी बैल हाकलेला दिसत नाय." आणि आक्का बाहेर आली.

समजलं लगेच, पण हाताला कळेना. हयातभराची सवय. बसली की डावी बोटं आपोआप दांडीकडे जायची. दांडी काढून टाकणं शक्य नव्हतं. उतारावर ब्रेक लागतोच. मी डब्यातला एक बेदाणा उचलला आणि तिच्या डाव्या तळव्यात ठेवून वरून मूठ हँडलवर मिटायला लावली. "हा बेदाणा दाबून धरायचा. बोटं ब्रेककडे गेली की तो खाली पडणार. पडला की उतरायचं."

"आन् थांबायचं असलं तर?"

"अंगठा उचला. अगदीच घाई असली तर पाडा बेदाणा आणि धरा ब्रेक. बेदाण्यापेक्षा तुम्ही महाग आहात."

पहिला पडला. दुसरा पडला. आक्का निघायची, बेदाणा पडायचा, मी हात वर करायचो, आक्का कुरकुरत उतरायची. थोड्या वेळाने कोंबड्यांना हे कळलं आणि त्या गाडीच्या मागे रांग लावून चालायला लागल्या. बाळासाहेब दारात उभा राहून हसत होता, पण हसता हसता त्याचा चेहरा उतरायचा. खांबावर आदळलेली आई त्याने स्वतः उचलली होती. "मिस्तरी," तो हळूच म्हणाला, "मला ती घरात बसवायची हौस नाय हो. भीती वाटते." मला त्याचा राग आला होता तो तिथेच गेला. त्याच्याकडूनच पाना मागून घेऊन मी ते नवे शू पुन्हा घासून दिले आणि रविवारी सकाळी येतो म्हणालो. तोवर बाळासाहेबासमोर सराव करायला बेदाण्यांचा डबा आक्काच्या हवाली केला.

रविवारी गेलो तर डबा निम्मा झाला होता आणि कोंबड्या तुकतुकीत दिसत होत्या. बाळासाहेबाने परीक्षा मांडून ठेवली होती. भरून चहाचा कप हातात घेऊन तो स्वतः मागच्या कॅरिअरवर बसला. "आई, या आंब्यापासून त्या विहिरीपर्यंत. चहा सांडला तर गाडी दुपारी जाणार. नाय सांडला तर चावी तुझी."

ही गाडी एकाच माणसाची आहे, मागे कोणी बसू नये, असं मी सांगून बघितलं. कोण ऐकतंय!

आक्का बसली. बेदाण्यावर डावी मूठ मिटली. इंजिन आपलं शांतपणे चालू होतं. तिने अंगठा ठेवला. नवे शू, मऊ स्प्रिंगा, सगळं मी माझ्या हाताने घातलेलं, पण आता माझ्या हातात काही नव्हतं. गाडी निघाली. निघाली कधी ते मला चाक फिरताना बघूनच कळलं. आंब्यापासून विहिरीपर्यंत चहाच्या कडेला तरंगसुद्धा आला नाही.

विहीर आली. आक्का थांबली नाही.

"आई, झालं! आई!"

आक्का नाल्याच्या वाटेला लागली. बाळासाहेब एका हाताने कॅरिअर धरून, दुसऱ्या हातात कप उंच धरून, उतरताही येईना आणि पिताही येईना अशा अवस्थेत बांधापलीकडे दिसेनासा झाला. मी चालत निघालो. माझेही गुडघे काही आक्कापेक्षा फार बरे नाहीत. प्लॉटवर पोचलो तेव्हा पेठ तालुक्यातून आलेली छाटणीवाली माणसं कात्र्या खाली टाकून हसत होती आणि आक्का गाडीवर बसल्या बसल्या एका वेलीकडे बोट दाखवून ओरडत होती, "हितं काडीला कोंबाचे दोन डोळे ठेव म्हणले होते, ही काय हजामत केलीय का!" तिचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी बांधावरच बसून घेतलं. बाळासाहेब थंड झालेला चहा पीत फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नाय नाय, विकायची नाय. येऊ नका."

आक्काने चावीची दोरी मुलासमोर एकदा गळ्यात अडकवून बघितली आणि चावी परत गाडीला लावली. मग मुलाला म्हणाली, "तू जा चालत. मिस्तरी, तुम्ही बसा मागं. लंगडताय."

मी नको नको म्हणालो. हयातभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण गिऱ्हाईक चालवतंय आणि मी मागे, असं कधी बसलो नाही. त्यात नाल्याचा उतार. पण आक्काच्या पुढे कोणाचं चालतं? बसलो.

गाडी हळूच सुटली. उतार आला, आक्काने अंगठा उचलला, आणि बरोबर जिथे पाहिजे तिथेच दोन बोटांनी ब्रेक धरला, बाकीच्या बोटांत बेदाणा तसाच. नाल्याच्या काठावर ती थांबली आणि मागे वळून माझ्या हातांकडे बघितलं. मी कॅरिअरची दांडी दोन्ही हातांनी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

"मिस्तरी, कासरा सोडा तो," आक्का म्हणाली. तिने डावी मूठ उघडली, चेपून गेलेला बेदाणा माझ्या तळव्यात ठेवला आणि माझी बोटं वरून मिटली. "हा धरा. पडला तर चालत यावं लागंल."

मी घरापर्यंत तो बेदाणा धरून बसलो.